रक्ताचे दोन अन्वयार्थ : समागमोत्तर रक्तस्रावाविषयीच्या मराठी लेखनाची चिकित्सा

प्रस्तावना

समागमानंतर योनिमार्गातून होणारा अल्पसा रक्तस्राव हे वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने एक लक्षण आहे. लक्षणाला कारण असते, कारण शोधता येते आणि बहुतेक वेळा त्यावर उपायही असतो. समाजाच्या दृष्टीने मात्र रक्त हे लक्षणापूर्वी चिन्ह असते आणि चिन्हाचा अर्थ लावण्याचा अधिकार ज्याच्या शरीरातून ते आले त्याच्याकडे असतोच असे नाही. मराठी समाजात या रक्ताचे दोन प्रसंग ओळखता येतात. एक विवाहानंतरच्या पहिल्या रात्रीचा. त्या रक्ताची वाट पाहिली जाते आणि काही ठिकाणी त्याला साक्षीदारही असतात. दुसरा प्रसंग त्यानंतर पाच, पंधरा किंवा तीस वर्षांनी केव्हाही येणारा. तेव्हा कपड्यावर पडलेला फिकट डाग ती स्त्री एकटी पाहते, धुऊन टाकते आणि बहुधा विसरून जाते.

यांपैकी पहिल्या रक्तावरून स्त्रीच्या पूर्वायुष्याविषयी काहीही सिद्ध होत नाही. दुसऱ्यावरून तिच्या प्रकृतीविषयी पुष्कळ काही कळू शकते. असे असताना मराठीतील धर्मचर्चा, लैंगिक शिक्षणाची पुस्तके, वृत्तपत्रांतील वैद्यकीय सदरे आणि शासकीय आरोग्यपत्रके या चारही लेखनप्रकारांत पहिल्या रक्ताला जी जागा मिळाली, तिच्या तुलनेने दुसऱ्याच्या वाट्याला एखादे ओझरते वाक्य आले. प्रस्तुत लेखात या विषमतेची चिकित्सा केली आहे. पहिल्या रक्ताविरुद्ध लिहिणाऱ्या सुधारकी लेखनानेही नकळत ही विषमता टिकवून धरली, हा या विवेचनाचा मुख्य मुद्दा आहे.

१८९१ : जखमेकडून ऋतूकडे

समागमानंतरचा रक्तस्राव हा विषय मराठी सार्वजनिक चर्चेला अगदीच अपरिचित होता असे म्हणता येत नाही. १८९० मध्ये कलकत्त्याच्या न्यायालयात हरिमोहन मैती याच्यावर खटला चालला. त्याची पत्नी फुलमणी दासी ही दहा-अकरा वर्षांची मुलगी पतीने केलेल्या समागमानंतर रक्तस्राव होऊन मरण पावली होती. तत्कालीन कायद्यानुसार संमतिवय दहा वर्षांचे असल्याने त्याच्यावर बलात्काराचा गुन्हा सिद्ध होऊ शकला नाही आणि एक वर्षाच्या सक्तमजुरीवर प्रकरण मिटले. त्याच सुमारास पन्नासहून अधिक स्त्री-डॉक्टरांनी अशाच जखमांची प्रत्यक्ष पाहिलेली प्रकरणे नोंदवून सरकारकडे अर्ज केला. १८९१ च्या मार्चमध्ये संमतिवय बारा वर्षे करणारा कायदा संमत झाला.

पुण्या-मुंबईत या विधेयकावर जो वाद झाला त्याचा मोहरा पाहिला की एक गोष्ट प्रकर्षाने जाणवते. वादाच्या केंद्रस्थानी गर्भाधानसंस्कार आला. प्रथम ऋतुदर्शनानंतर हा संस्कार तत्काळ झालाच पाहिजे काय, बारा वर्षांपूर्वी ऋतू प्राप्त झाल्यास कायदा धर्माच्या आड येतो काय, या प्रश्नांवर शास्त्रवचनांचा कीस काढला गेला. परकीय सरकारने धर्मात हात घालू नये अशी टिळकांची भूमिका होती. रा. गो. भांडारकरांनी शास्त्राच्याच आधारे विधेयकाचे समर्थन केले. दोन्ही पक्षांची विद्वत्ता वादातीत आहे. परंतु दोघांनीही ज्या रक्ताविषयी लिहिले ते ऋतूचे रक्त होते. अर्जात नोंदलेले रक्त जखमेचे होते. एका रक्ताने दुसऱ्याला चर्चेतून बाहेर ढकलले आणि जखम कशी होते, ती कशी ओळखावी, तिच्यावर काय करावे हे मराठीत लिहिले जाण्याची एक संधी हुकली. या ठिकाणी सुधारक आणि सनातनी असा भेद फारसा उपयोगी पडत नाही.

येथे प्राचीन परंपरेचा उल्लेख अस्थानी ठरणार नाही. चरकाच्या चिकित्सास्थानात वीस योनिव्यापदांचे वर्णन आहे, तर सुश्रुताने ‘परिप्लुता’ या व्यापदात मैथुनसमयीच्या तीव्र वेदनेचा स्पष्ट निर्देश केला आहे. मैथुनाशी जोडलेल्या त्रासाला स्वतंत्र नाव देण्याची सोय संस्कृत वैद्यकात होती असा याचा अर्थ. व्यवहारातील मराठीने त्यातून ‘प्रदर’ हा शब्द उचलला, त्याचे श्वेत आणि रक्त असे दोन प्रकार ठेवले आणि मैथुनाचा संदर्भ गाळला.

पडद्याचा बचाव

विसाव्या शतकात र. धों. कर्वे यांनी ‘समाजस्वास्थ्य’ (जुलै १९२७ ते नोव्हेंबर १९५३) या मासिकातून लैंगिक विषयांवरील मौन मोडले. वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून १९३४ मध्ये त्यांच्यावर खटला झाला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांची बाजू मांडली आणि तरीही त्यांना दोनशे रुपये दंड झाला. कर्व्यांनी घडविलेल्या वाटेने पुढे लैंगिक शिक्षणाच्या पुस्तकांची एक परंपरा मराठीत निर्माण झाली. या परंपरेचे ऋण मान्य करूनच तिच्यातील एका ठरावीक परिच्छेदाकडे लक्ष वेधावयाचे आहे.

तो परिच्छेद थोड्याफार फरकाने सर्वत्र आढळतो. पहिल्या समागमाच्या वेळी रक्त आले नाही म्हणून वधूवर संशय घेऊ नये, कारण सायकल चालविणे, पोहणे, उंच उडी, व्यायाम अशा कारणांनी पडदा आधीच फाटलेला असू शकतो, असा त्याचा आशय असतो. हेतू स्तुत्य आहे आणि या परिच्छेदाने काही मुलींचे संसार वाचविले असतील हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु युक्तिवाद म्हणून तो दुबळा आहे. न आलेल्या रक्ताचे स्पष्टीकरण तो देतो, म्हणजे स्पष्टीकरण देणे आवश्यक आहे हे मान्य करतो. पडदा हा कौमार्याचा पुरावाच आहे, फक्त तो कधीकधी निरपराध कारणांनीही नष्ट होतो, असे त्याचे गृहीत आहे. आरोपीच्या वकिलाने आरोपपत्र मान्य करून पर्यायी कारण सांगावे, तसा हा प्रकार झाला.

शरीरशास्त्र सांगते ते वेगळेच आहे. योनिमुखाशी असलेली ही घडी लवचीक असते, तिचे आकार व्यक्तिगणिक भिन्न असतात आणि समागमात ती फाटेलच असा नियम नाही. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात गर्भवती असलेल्या ३६ किशोरींची तपासणी करण्यात आली, तेव्हा समागम झाल्याची निश्चित शारीरिक खूण केवळ दोघींमध्ये आढळली. ज्यांच्या बाबतीत समागमाविषयी शंका घेण्यास जागाच नाही अशांमध्येही खूण सापडत नसेल, तर इतरांमध्ये ती शोधण्याला काय अर्थ उरतो? जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०१८ मध्ये कौमार्यचाचणीला कोणताही शास्त्रीय आधार नाही असे जाहीर केले ते याच प्रकारच्या पुराव्यांच्या बळावर.

या संदर्भात शब्दाचाही विचार करावा लागतो. मराठीत या अवयवाला ‘कौमार्यपटल’, ‘कुमारीपटल’ आणि ‘योनिपटल’ अशी नावे आहेत. पहिल्या दोन नावांतच निवाडा दडलेला आहे. स्वीडनमधील लैंगिक शिक्षण संस्थेने २००९ मध्ये त्या भाषेतील याच धाटणीचा जुना शब्द सोडून योनिमुखाभोवतीचे कडे अशा अर्थाचा नवा शब्द रूढ करण्याचा प्रयत्न केला. मराठीला नवा शब्द घडविण्याचेही कष्ट नाहीत, कारण ‘योनिपटल’ आधीपासून उपलब्ध आहे. तरीही सदरलेखक ‘कौमार्यपटल’ वापरतात आणि त्याच परिच्छेदात कौमार्याचा पडद्याशी संबंध नाही असे सांगतात. वाचकाने शब्दावर विश्वास ठेवावा की वाक्यावर?

या परिच्छेदाचा आणखी एक परिणाम झाला, तो अधिक गंभीर आहे. ‘रक्त आले नाही तरी चालेल’ हे सांगताना ‘रक्त आले तर ते स्वाभाविकच’ असे न बोलता मान्य केले गेले. पहिल्या वेळचा रक्तस्राव हा पुष्कळदा घाई, भीती, पुरेसा ओलावा नसणे किंवा बळजबरी यांमुळे झालेल्या लहान जखमेचा असतो. तो का झाला हे विचारण्याची सवय त्या परिच्छेदाने वाचकाला लावली नाही. समागमानंतर रक्त येणे म्हणजे काहीतरी होणारच, अशी समजूत त्यातून पक्की झाली आणि पुढील आयुष्यात तीच समजूत दुसऱ्या रक्ताच्या आड आली.

चादर आणि पाठ्यपुस्तक

पहिल्या रक्ताचे राज्य अजूनही संपलेले नाही. कंजारभाट समाजातील पांढऱ्या चादरीच्या प्रथेविरुद्ध त्याच समाजातील तरुणांनी ‘स्टॉप द व्ही रिच्युअल’ ही मोहीम चालविली आणि २०१८ च्या जानेवारीत पिंपरी-चिंचवड परिसरात त्यांच्यापैकी काहींना मारहाणही झाली. २०१९ मध्ये राज्य शासनाने अशी चाचणी हा लैंगिक अत्याचाराचा प्रकार मानला जाईल असे घोषित केले. वृत्तपत्रांनी या प्रथेवर भरपूर लिहिले. मात्र त्या लेखनात एक सोयीस्करपणा होता. प्रथा एका लहान समाजाची, म्हणून अज्ञानही त्याच समाजाचे, असा त्याचा सूर राहिला.

वस्तुस्थिती अशी की त्याच काळापर्यंत न्यायवैद्यकाच्या पाठ्यपुस्तकांतून भावी डॉक्टर कौमार्याची चिन्हे आणि ‘खरी’ व ‘खोटी’ कुमारिका यांचे वर्गीकरण पाठ करीत होते. सेवाग्राम येथील न्यायवैद्यकाचे अध्यापक डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी याविरुद्ध पाठपुरावा केला आणि २०१९ मध्ये महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने हा भाग अभ्यासक्रमातून वगळण्याचा निर्णय घेतला. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये बलात्कारपीडितेवरील ‘दोन बोटांची चाचणी’ खासगीपणाचा भंग करणारी ठरविली होती, २०२२ मध्ये ती करणाऱ्यास गैरवर्तनाचा दोषी मानले जाईल असे बजावले, आणि २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने कौमार्यचाचणी घटनाबाह्य ठरविली. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्ये अभ्यासक्रम सुधारला. तरी ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस निघालेल्या मार्गदर्शक सूचनांत कौमार्य आणि पडद्याचे न्यायवैद्यकीय महत्त्व पुन्हा अवतरले, आणि टीका झाल्यावर काही दिवसांतच त्या सूचना मागे घ्याव्या लागल्या. चादर वाळत घालणारी पंचायत आणि पडद्याचे प्रकार मोजणारे पुस्तक यांच्यात भाषेचा फरक आहे. गृहीतकाचा फारसा नाही.

दुसरे रक्त

समागमानंतर अधूनमधून अल्प रक्त जाण्याची कारणे अनेक आहेत. गर्भाशयमुखाच्या आतील नाजूक स्तर बाहेरच्या बाजूस पसरलेला असणे, विशेषतः गरोदरपणात किंवा संततिनियमनाच्या गोळ्या घेत असताना, हे एक नित्याचे आणि निरुपद्रवी कारण होय. क्लॅमिडिया, परमा किंवा ट्रायकोमोनास यांच्या संसर्गाने गर्भाशयमुखाला आलेली सूज, तेथील लहानसा कोंब (पॉलिप), बाळंतपणानंतर स्तनपानाच्या काळात किंवा पाळी गेल्यानंतर योनीच्या आवरणाला आलेला कोरडेपणा व पातळपणा, आणि साधी जखम, ही अन्य कारणे आहेत. यादीच्या शेवटी, परंतु विसरता न येण्याजोगा, गर्भाशयमुखाचा कर्करोग आहे. तेथील रोगग्रस्त पेशीजाल ठिसूळ असते आणि त्याला स्पर्श झाला की रक्त येते. वेदना नसते. वेदना नसल्यामुळेच हे लक्षण दुर्लक्षिले जाते.

येथे प्रमाणाचे भान आवश्यक आहे. एका संकलित आढाव्यानुसार निरनिराळ्या पाहण्यांत ०.७ ते ९ टक्के स्त्रियांना असा रक्तस्राव होत असल्याचे आढळते, आणि ब्रिटनमधील आकडेवारीवरून तो असलेल्या स्त्रीला कर्करोग असण्याची शक्यता २० ते २४ या वयात ४४ हजारांत एक, तर ४५ ते ५४ या वयात २,४०० त एक एवढी काढण्यात आली आहे. सदरलेखक अशा आकड्यांच्या आधारे ‘घाबरू नका’ असे लिहितात ते चुकीचे नाही. परंतु हे आकडे जेथे स्त्रियांची नियमित चाळणी होते तेथील आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) भारतातील ३० ते ४९ वयोगटातील केवळ १.९ टक्के स्त्रियांची गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी कधीतरी तपासणी झाल्याचे दिसले. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार देशात या रोगाचे सुमारे १ लाख २७ हजार नवे रुग्ण आणि सुमारे ८० हजार मृत्यू झाले. ब्रिटिश दिलासा जसाच्या तसा मराठीत आणणे म्हणजे तेथील चाळणीव्यवस्था येथे आहे असे समजणे होय.

यासंबंधीचे महत्त्वाचे ज्ञान महाराष्ट्रातच निर्माण झाले, ही बाब विशेष नोंदविण्याजोगी आहे. राणी बंग आणि अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग आढळला, आणि पूर्वी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या केवळ ८ टक्के. बार्शी येथे १९८७ मध्ये ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. ३४६ गावांत कार्यकर्ते फिरून लक्षणे समजावून सांगत आणि लक्षणे असलेल्या स्त्रियांना रुग्णालयात येण्यास प्रवृत्त करीत. त्यामुळे रोग आधीच्या अवस्थेत उघडकीस येण्याचे प्रमाण वाढल्याचे १९९५ मध्ये प्रसिद्ध झाले. यंत्र नव्हते, लस नव्हती. कोणीतरी स्त्रियांशी या रक्ताविषयी बोलले, एवढेच घडले होते. पुढे उस्मानाबाद (२०२३ पासून धाराशिव) जिल्ह्यातील १,३१,७४६ स्त्रियांच्या चाचणीत एचपीव्ही तपासणीच्या एकाच फेरीने मृत्यू जवळपास निम्म्यावर आल्याचे २००९ मध्ये सिद्ध झाले. तुलनागटातील स्त्रियांना चाळणी मिळाली नाही, यावर पुढे नैतिक आक्षेपही घेतले गेले आणि ते गांभीर्याने घेण्याजोगे आहेत.

पत्रकाची भाषा

मग हे ज्ञान मराठी वाचक स्त्रीपर्यंत कोणत्या शब्दांत पोहोचते? आरोग्यपत्रकांत कर्करोगाच्या धोक्याच्या सूचना असतात. त्यांत ‘अनैसर्गिक रक्तस्राव’ ही एक असते. हा शब्दप्रयोग इतका व्यापक आहे की त्यात काहीच स्पष्ट दिसत नाही. गुदद्वारातून, थुंकीतून, लघवीतून, कोठूनही. समागमाचा उल्लेख टाळण्याची सोय म्हणून तो उत्तम आहे. जेथे उल्लेख होतो तेथे ‘पतीशी संबंध आल्यानंतर’ असे लिहिले जाते. या तीन शब्दांत विधवा, परित्यक्ता आणि अविवाहित स्त्रिया वगळल्या जातात, आणि त्यांच्यापैकी जी हे वाचेल तिला लक्षण असूनही ते आपल्यासाठी नाही असे वाटेल किंवा डॉक्टरांकडे जाणे म्हणजे कबुलीजबाब देणे वाटेल. ‘मैथुन’ ग्रंथात राहिला, ‘संभोग’ शिवीच्या आसपास पोहोचला, ‘समागम’ सुशिक्षितांपुरता आहे. प्रत्यक्षात स्त्रिया ‘मालकांजवळ गेल्यावर’, ‘एकत्र आल्यावर’ असे म्हणतात, आणि ही भाषा पत्रकात येत नाही.

रक्ताचे नावही असेच. अंगावरून पांढरे जाण्याला ग्रामीण मराठीत समृद्ध शब्दसंग्रह आहे. धुपणी आहे, पांढरे पाणी आहे. त्याविषयीच्या गडचिरोलीच्या स्त्रियांच्या धारणांवर स्वतंत्र अभ्यासलेख आहे आणि राणी बंग यांच्या ‘कानोसा’ने ग्रामीण स्त्रीच्या आरोग्यविश्वाला मराठीत प्रथमच ऐसपैस जागा दिली. लाल डागाला मात्र भाषेत एकच पेटी आहे, पाळीची. त्यामुळे पाळीबाहेर दिसलेला डाग ‘पाळी लवकर आली’ किंवा ‘अजून संपली नव्हती’ या खात्यात जमा होतो. ज्या घरात आजही कावळा शिवण्याचा विटाळ पाळला जातो तेथे तो डाग उघड करण्याची किंमत चार दिवस बाजूला बसणे ही असते. ती स्त्री गप्प राहते यात अज्ञानापेक्षा व्यवहारज्ञान अधिक आहे.

वृत्तपत्रीय सदरांतील उत्तर बहुधा ‘घाबरू नये, परंतु दुर्लक्षही करू नये’ या वाक्याने संपते. त्यातून कृती निष्पन्न होत नाही. खरे तर सांगावयाचे ते थोडेच आहे. एकदाच, थोडे आणि कारण उघड असेल तर वाट पाहता येते. पुन्हा झाले, किंवा पाळी गेल्यानंतर एकदाही झाले, तर स्त्रीरोगतज्ज्ञाकडून योनिदर्शकाच्या साहाय्याने गर्भाशयमुख प्रत्यक्ष पाहून घ्यावे. पूर्वीची पॅप तपासणी निर्दोष होती म्हणून हे टाळू नये, आणि चाळणीच्या शिबिराची वाट पाहू नये, कारण शिबिर लक्षण नसलेल्यांसाठी असते. गरोदर स्त्रीने लगेच दाखवावे. महाविद्यालयांच्या महिला विकास कक्षांत वर्षानुवर्षे हिमोग्लोबिनवर व्याख्याने होतात. त्यांत ही चार वाक्ये बसू शकतात.

अलीकडे या प्रश्नाला एक अनपेक्षित लिखित रूप मिळाले आहे. असंसर्गजन्य रोगांच्या शासकीय कार्यक्रमात आशा कार्यकर्तीने तीस वर्षांवरील व्यक्तींची जी तपासणी सूची भरावयाची असते, तिच्यात स्त्रियांसाठी समागमानंतर रक्त जाते काय हा प्रश्न आहे. उत्तर ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढेच. कर्व्यांना ज्या प्रकारच्या प्रश्नोत्तरांसाठी दंड झाला त्या जातीचा एक प्रश्न आता शासनाच्या छापील कागदावर, गावच्या एका स्त्रीने दुसरीला विचारावा म्हणून आला आहे. तो ओटीवर, सासू समोर बसलेली असताना, शेजारीण डोकावत असताना विचारावा लागतो. आशा कोणते क्रियापद वापरते, आवाज किती खाली आणते, की तो प्रश्न ओलांडून पुढच्या रकान्यात जाते आणि ‘नाही’वर खूण करते, याची नोंद त्या सूचीत कोठेही होत नाही.